पश्चिमेला उत्तूरपर्यंत

आषाढ लागला की आमच्या जैन घरात पहिली गदा येते ती पालेभाजीवर. मेथी, पोकळा, लाल माठ, चाकवत, सगळ्यांना पार दिवाळीपर्यंत रजा. फ्रिजचा खालचा कप्पा ओसाड पडतो आणि मग त्यात मुगाचे नि मसुराचे डबे जाऊन बसतात. पाणी गाळायचं फडकं नवं येतं. रात्रीचं जेवण तर आमच्याकडे बारा महिने नसतंच. पण एरवी दिवस मावळताना दिसतो तरी. निपाणीच्या पावसात सूर्य सकाळीच कुठंतरी तोंड लपवून बसतो, तेव्हा तो मावळला कधी हे ठरवायचं कुणी? आक्का मला मोबाइलमध्ये बघायला लावते. "किती वाजता मावळणार गं आज?" मी वेळ सांगते आणि त्या हिशेबानं कुकर चढतो. चातुर्मासाचं आमचं गणित असं उपग्रहावर चालतं.

आक्का म्हणजे माझी सासू. तशी ती साऱ्या गल्लीची आक्का. तिला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

या दिवसांत घराला वास असतो तंबाखूचा. आमचं घर वखारीच्या पाठीला पाठ लावून आहे. उन्हाळ्यात तिकडची पोती गप्प असतात, पण हवेत ओल आली की आतला तंबाखू जागा होतो आणि भिंतीतून, दारातून, धुतलेल्या साड्यांच्या घड्यांतून येऊन आपल्याला भेटतो. नवा पाहुणा दारातच तीनदा शिंकतो. आम्ही शिंकत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी आठवडाभर शिंकत होते आणि आक्का म्हणाली होती, "ऱ्हातीस आता. सवय व्हतीय." सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही? मला तर कुठंही न जाण्याची झाली.

हे विनोदानं म्हणते आहे असं समजू नका. मी भूगोल शिकवते. इथल्या मराठी शाळेत, नववी-दहावीला. ॲमेझॉनचं खोरं, सहारा, उत्तर ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र, सगळं तोंडपाठ. बाई, तुम्ही गेलाय का तिकडं, असं पोरं विचारतात आणि मी म्हणते, संकेश्वरला जाऊन आले आहे. वर्ग हसतो. खडू वळवून मी पुन्हा फळ्याकडे तोंड करते.

आमच्या पुस्तकातल्या राज्याच्या नकाशात बेळगाव जिल्हा रंगवलेला असतो. त्याच्या पश्चिमेला रंग संपतो. तिथं नुसता पांढरा कागद असतो आणि त्यावर आडवं लिहिलेलं असतं, महाराष्ट्र. त्या पांढऱ्या भागात, निपाणीपासून सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल अशा जागी, सावंतवाडी आहे. लहानसं गाव, मध्यभागी तळं, तळ्याच्या एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार. मी तिथं कधी गेलेली नव्हते. पण ते गाव मला फळ्यावर काढता आलं असतं. कारण तिथं माझी नणंद राहत होती.

रत्ना, आक्काची एकुलती लेक. ती इथल्या बँकेत कारकून होती आणि त्याच बँकेत कोकणातून बदली होऊन आलेला एक मनुष्य कॅशच्या खिडकीत बसायचा. पुढचं सांगायला नको. मनुष्य चांगला होता, स्वभावानं गरीब होता, पण मासे खाणारा होता. ज्या घरात मुंगी मरू नये म्हणून चुलीची लाकडं आपटून घ्यायचे, त्या घरात हे किती मोठं होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. आक्का ओरडली नाही, रडली नाही, शाप दिले नाहीत. ती म्हणाली, "त्या घरचं पाणी मी पिणार न्हाय." रत्ना आईचीच लेक. ती म्हणाली, "मग तू माझ्या घरी आल्याबिगर मी बी हितं पाय ठेवणार न्हाय." दोघी बोलल्या आणि दोघींनी ते पाळलं. मधल्या मधे सापडले मी, जिचं या भांडणात काही देणं-घेणं नव्हतं.

आमचे हे बहिणीला भेटून येत. वखारीचं काम काढून कोल्हापूरला म्हणून निघायचे आणि मधेच कुठंतरी तिला बोलावून घ्यायचे. पण तिच्या घरी तेही गेले नाहीत. आक्कानं विचारलं तर खोटं बोलता येणार नाही, म्हणून.

मी मात्र दर पावसाळ्यात बेत करायचे. बेत करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सकाळची एसटी. खिडकीची डावी बाजू, म्हणजे उत्तूरच्या पुढची भातं दिसतील. आजऱ्याला उतरून घनसाळ तांदूळ घ्यायचे. आंबोलीत गाडी थांबते, तिथं चहा. मग घाट उतरताना कानात दडे बसतात, हवा चिकट होते आणि अंगावरचा स्वेटर काढावा लागतो, असं रत्ना सांगायची. "आन वैनी, खाली उतरलं की वासच बदलतोय. तंबाखू नाकातनं निघून जातोय." स्टँडवरून रिक्षा करायची नाही. चालत तळ्यापर्यंत यायचं, पाणी उजव्या हाताला ठेवायचं, औषधाच्या दुकानाशी वळायचं, आणि चढावर निळ्या दाराचं घर. खिडकीतून तळं दिसतं. दिवेलागणीला लोक कठड्यावर येऊन बसतात, काही न करता, नुसते. मला त्या कठड्यावर बसायचं होतं. इतकंच. माणसाच्या इच्छा किती लहान असतात आणि त्याही कशा अडकून पडतात याचं मला नवल वाटतं.

कधी परीक्षा आली, कधी यांचा ताप, कधी आक्काची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. आणि आषाढ आला की आक्काचा नियम; घरात तो चालू असताना माझाच पाय निघत नसे.

हा नियम जरा समजावून सांगायला हवा. चातुर्मासात आमचे साधू-साध्वी एका गावी मुक्काम करतात, पावसाळ्यात पायाखाली जीवजंतू फार येतात म्हणून फिरत नाहीत. त्यांचं बघून घरची माणसंही आपापल्या परीनं काही सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी हिरवं. आणि काहीजण दिशा सोडतात. म्हणजे चार महिने अमुक दिशेला अमुक ठिकाणापलीकडे जाणार नाही, असं बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, तिथं मुक्कामाला असलेल्या साध्वी माताजींच्या पुढं हात जोडून सांगायचं. सीमेची खूण सगळ्यांना ठाऊक असलेली हवी: नदी, डोंगर, गाव. आणि दिशा चारच नव्हेत, वरची नि खालचीसुद्धा. भूगोलाच्या बाईला ते फार आवडलं होतं. आक्का दरवर्षी एका दमात म्हणायची, "पूर्वेला चिकोडी, दक्षिणेला संकेश्वर, उत्तरेला कागल, पश्चिमेला उत्तूर. वर माडीपतोर, खाली हिरीच्या तळापतोर."

एका वर्षी मी विचारलं होतं, पश्चिमेला उत्तूरच का? आजरा का नाही?

"त्येच्या म्होरं आपलं कोन हाय?" आक्का म्हणाली.

आता ते गेल्या वर्षीचं. उन्हाळ्याच्या शेवटी रत्नाचा फोन आला. नवरा निवृत्त झाला होता, घर भाड्याचं होतं, मुलगा नागपूरला नोकरीत. "वैनी, दिवाळी झाली की आमी जानार. कायमचंच." मी म्हटलं, बरं झालं, मुलाजवळ राहाल.  ती म्हणाली, "माझं घर माहेरच्या कुणी बघितलंच न्हाय बघ. एवढी वर्सं ऱ्हायलो. रिकामं व्हायच्या आत तू तरी एकदा येऊन जा. दारात उभी ऱ्हा, च्या पी, जा. कुणीतरी बघितलं म्हंजे झालं."

हा फोन स्वयंपाकघरात चालला होता, स्पीकरवर, कारण माझे हात पिठात होते. आक्का खाली बसून तांदूळ निवडत होती. दर रविवारी हे असंच चालायचं. रत्नाला ठाऊक असायचं की आई ऐकते आहे, म्हणून ती जरा मोठ्यानं बोलायची. आक्काला ठाऊक असायचं की लेकीला ठाऊक आहे, म्हणून ती तांदळाचा आवाज बंद करायची. दोघींमध्ये मी होते, फोन धरायला.

"येते," मी रत्नाला म्हटलं. "शाळा सुरू होऊन जरा घडी बसली की रविवार बघून येते."

या वेळी मी मागं हटणार नव्हते. तारीख पक्की केली, यांना सांगितलं. पिशवी काढून कपाटावर ठेवली. रत्नासाठी एक साडी घेतली आणि संकेश्वरी मिरची आणून बिनलसणाची चटणी कुटून घेतली. तिच्या घरात मासे शिजत असले तरी तिचं स्वतःचं जेवण अजून आमच्यासारखंच होतं आणि तशी चटणी तिकडं मिळत नाही. बरणी फडताळात ठेवली. आक्कानं बरणी बघितली असणार. तिच्या नजरेतून त्या स्वयंपाकघरात काही सुटत नाही. पण मी आपणहून काही सांगितलं नाही.

माझ्या रविवारच्या आधी दोन-तीन दिवस चातुर्मासाची स्थापना होती. बस्तीत बायकांची ही गर्दी. ओल्या छत्र्यांचा ढीग, फरशीवर पावलांचं पाणी, धुपाचा वास. माताजी पाटावर बसलेल्या. त्या कन्नड मुलखातल्या, मराठी थांबून थांबून बोलत. एकेक बाई पुढं जाऊन आपला नियम सांगत होती. आक्काला गुडघ्यांमुळे उठता-बसता येत नाही, म्हणून तिला धरून मी शेजारी बसले होते. सगळ्यांनी हात जोडले होते, मीही जोडले होते. देवळात बसलं की हात आपोआप जोडले जातात. डोक्यात एसटी चालू होती. पहिली गाडी धरावी की दुसरी? पहिलीला गर्दी कमी. आजऱ्याला किती वेळ थांबेल?

आक्काचा आवाज कानावर येत होता. चिकोडी, संकेश्वर, कागल, उत्तूर. माडी, विहीर.

"दोघींचं?" माताजींनी विचारलं.

"व्हय. दोगींचं बी," आक्का म्हणाली.

मग नऊ वेळा णमोकार म्हणायचा असतो, त्यानं नियम पक्का होतो. मी म्हटला, मोठ्यानं, नऊ वेळा. लहानपणापासून तोंडात बसलेला मंत्र, त्याला मन लागत नाही. पहिलीच गाडी बरी, असं मी सातव्या-आठव्याला ठरवलं.

बाहेर चपला शोधताना ते 'दोगींचं' माझ्या डोक्यात येऊन आदळलं.

"आक्का, दोगींचं म्हंजे?"

"तुजं आन माजं."

"मी कुटं घेतला नियम?"

"हात जोडलीस न्हवं? णमोकार म्हटलीस न्हवं?" ती पायानं आपली चप्पल ओढत होती. "मग झालं."

"आवो, मला रविवारी सावंतवाडीला जायाचं हाय."

आक्कानं चप्पल पायात घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवून सरळ झाली. "जा की," ती म्हणाली. "उत्तूरपतोर."

मला इतका राग आला की छत्री उघडायचं भान राहिलं नाही. दोघी भिजत घरी आलो. आक्कानं हे मुद्दाम केलं की सवयीनं बोलून गेली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी तिला माफ केलं नाही. हे म्हणाले, "येवढं काय त्यात? मोड आन प्रायश्चित्त घे. एक उपास धरला की झालं." आक्का माजघरातून म्हणाली, "मोडू दे की. दोष मला हाय. तिचं बी मीच सांगिटलंय."

झालं. आता मोडायचं कसं? स्वतःच्या पापाला मी फारशी भीत नाही. तरुणपणी हळदी-कुंकवाला जाऊन कांदाभजी खाल्ली आहेत आणि पुन्हा खाईन. पण ऐंशी गाठलेल्या बाईच्या खात्यावर आपला गुन्हा टाकून तळ्याकाठी जाऊन बसायचं, हे मला जमेना. तिनं धमकी दिली असती तर मी गेले असते. तिनं नुसतं जे होतं ते सांगितलं. दार उघडंच होतं आणि मी उंबऱ्याच्या आत उभी होते.

रत्नाला फोन करून सांगितलं तेव्हा ती हसली. "तू बी घावलीस व्हय?" म्हणाली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दिवाळीला सुटतोय न्हवं नियम? पाडवा करून ये. आमी भाऊबीज झाल्यावर हलनार." मी म्हटलं, पक्कं.

मग सुरू झाले ते चार महिने. एरवीही मी कुठं जात होते? गेल्या दहा चातुर्मासांत मी चिकोडीच्या पलीकडे पाऊल टाकलं नसेल. पण जाणार नाही आणि जाता येणार नाही यांत काय फरक आहे ते मला त्या पावसाळ्यात कळलं. वर्गात एकदा सीमा शिकवत होते; हातानं फळ्यावर नकळत चार ठिपके काढले आणि जोडले. वाकडातिकडा चौकोन झाला. एका मुलीनं विचारलं, बाई, हे कुठलं राज्य? मी ते पुसून टाकलं.

पाऊस त्या वर्षी सुटीच घेईना. वखारीचा वास गादीत शिरला. संध्याकाळी लवकर जेवून झालं की पुढची संध्याकाळ खायला उठायची. मी खिडकीशी बसायचे. आमच्या खिडकीतून वखारीची भिंत दिसते, तिच्यावर शेवाळ. रत्नाच्या खिडकीतून तळं दिसतं. मी आक्काशी कामापुरतं बोलत होते. तिला ते कळत होतं.  दोघी एका घरात चार हातांवर बसून असायचो आणि छपराचं पाणी पन्हाळीतून पडत असायचं.

श्रावणात एका रविवारी मी यांना म्हटलं, जरा जाऊन येते, आणि निघाले. उत्तूरची एसटी धरली. होय, उत्तूरची. तिथपर्यंत तर मुभा होती! गाडीत खिडकीची डावी बाजू मिळाली. उत्तूरला उतरले. थांब्यावर चहा घेतला. रिमझिम होती. तेवढ्यात कोल्हापूरकडून गाडी आली आणि कपाळावर पाटी: सावंतवाडी. थांबली. दार उघडलं. आत ओल्या माणसांची गर्दी, कुणाच्या तरी मांडीवर पोपटी रेनकोट घातलेलं पोर. मी गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. का, ते मला विचारू नका.

"चढायचंय काय बाई?" कंडक्टर म्हणाला.

"न्हाई."

"मग दारात का हुबारलाय? व्हा की बाजूला!"

मी बाजूला झाले. गाडी गेली. वळणावर तिचे लाल दिवे दिसले, मग तेही नाहीत. पन्नास ओलांडलेली, पोरांच्या वह्या तपासणारी मी बाई, त्या थांब्यावर उभी राहून रडले. पावसानं लाज राखली. उलटी गाडी मिळाली तेव्हा दिवस मावळायला आला होता, त्या रात्री मी उपाशी झोपले. आक्कानं विचारलं नाही कुठं गेलतीस म्हणून. फक्त झोपताना म्हणाली, "उत्तुरात पाऊस लई हाय काय?"

भाद्रपदात पर्युषणात माताजींची प्रवचनं होती. एका दुपारी त्यांनी दिशांच्या नियमातले दोष सांगितले. मर्यादेबाहेरची वस्तू मागवणं हा दोष. आपण न जाता दुसऱ्याला पाठवणं हाही. बाहेरच्याला हाक मारणं, आपलं तोंड दाखवणं, खडा टाकून खुणावणं, सगळे दोष. "हाक मारायला शब्द पाहिजे असंपण नाही," माताजी म्हणाल्या. "नुसतं खाकरलं, आणि बाहेरच्याला कळलं की तुम्ही इथं आहात, तरी झाला दोष." बायका हसल्या. मला मात्र ज्यांनी कोणे एके काळी हे लिहून ठेवलं त्यांचं कौतुक वाटलं. माणूस कुठून कुठून पळवाट काढतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. व्हिडिओ कॉलसुद्धा त्यांनी सोडला नव्हता. फडताळातली चटणीची बरणी मी यांच्याबरोबर पाठवणार होते, ती पाठवली नाही.

प्रवचन संपल्यावर मी माताजींना फोनचं विचारलं. त्या हसल्या. "तुम्ही कशासाठी बोलता ते तुम्हाला माहीत," म्हणाल्या. मी आपल्या सोयीचा अर्थ घेतला आणि फोन चालू ठेवले. आक्का मात्र आता फोन लागला की पाट सरकवून फ्रिजच्या आड बसू लागली. तिथं कॅमेरा पोचत नाही.

आणि मग दसरा. त्या दिवशी रविवार नसताना फोन वाजला. फोन तुपाच्या बरणीला टेकवून ठेवला. रत्नाचं तोंड दिसलं, केसांवर धूळ.

"वैनी, आमी उद्याच निघालोय गं. पोराला सुट्टी आत्ताच मिळाली. पुन्ना दिवाळीला मिळंल न्हाय मिळंल. ट्रक येतोय सकाळी."

 दिवाळीला, नियम सुटायला, अजून वीस दिवस होते.

"तू वाईट वाटून घिऊ नको. मी दाखवतोच की तुला." तिनं फोन फिरवला. रिकाम्या भिंती, त्यांवर खिळे. जिथं कपाट होतं तिथं रंगाचा उजळ चौकोन. "हे सैपाकघर. ह्यो माझा कट्टा, हितं मी वायलं, येगळं शिजवत हुतो माझं. ही देवळी. देव बांधून ठेवलेत. रिकामं घर केवढं मोठं दिसतंय बघ. येवढ्या घरात ऱ्हात हुतो काय आमी?" ती बोलत होती, हसत होती, आणि मधे मधे नेटवर्क अडकून तिचं तोंड तसंच राहायचं. "आन ही खिडकी," ती म्हणाली. "बास, येवढंच."

तेवढ्यात फ्रिजच्या आडून आक्का खाकरली.

आक्काच्या घशात काही नव्हतं. घशातला खोकला मला कळतो, मी तिची सून आहे. तो स्वच्छ, ठरवून, मोठ्यानं काढलेला आवाज होता. एकदाच.

पलीकडे रत्ना बोलायची थांबली. "आक्का?" म्हणाली.

 आक्काचे दोन्ही हात तांदळात होते, मान खाली.

 रत्नानं फोन खिडकीतून बाहेर केला आणि तसाच धरून ठेवला. पाणी दिसलं. पाऊस थांबलेला होता, पलीकडच्या काठाची झाडं पाण्यात उलटी पडली होती, कठड्यावर दोन माणसं छत्र्या मिटून बसली होती.  मी फोन उचलला आणि फ्रिजच्या दिशेनं वळवला, माझं तोंड दिसू नये, आक्काचंही दिसू नये, फक्त पडदा आक्काकडे व्हावा असा. आक्कानं वर बघितलं. किती वेळ बघत होती ते मी मोजलं नाही. माझा हात दुखायला लागला तेव्हा रत्नाची बॅटरी संपून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आक्कानं उपास धरला. आमच्या उपासाची अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती. यांनी विचारलं, आज कसला? "असाच," आक्का म्हणाली. मी तिच्यासाठी पाणी उकळून ठेवलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी नीट बोलायला लागले.

दिवाळीच्या पहाटे बस्तीत देवापुढं निर्वाण लाडू चढला आणि नियम सुटला. दिशा मोकळ्या झाल्या. आता जाऊन काय करायचं? मी कुठंच गेले नाही. रत्ना नागपूरला सातव्या मजल्यावर राहते, तिथंही तळी आहेत म्हणते. रविवारी फोन येतो. आक्का अजून फ्रिजच्या आडच बसते. सवय.

परवा पुन्हा स्थापना झाली. या वर्षी माताजी दुसऱ्या आहेत, वयानं लहान. ओल्या छत्र्या त्याच, धूप तोच. आक्काला आता काठी लागते आणि तरी माझा दंड लागतो. मी या वेळी हात जोडले नव्हते. मांडीवर ठेवले होते, बोटांत बोटं घालून, आणि कान टवकारून बसले होते.

"पूर्वेला चिकोडी," आक्का म्हणाली. "दक्षिणेला संकेश्वर. उत्तरेला कागल." तिथं थांबली. मला वाटलं विसरली. मी हळूच म्हणाले, "उत्तूर."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पश्चिमेला सावंतवाडीचं तळं," ती म्हणाली.

मागच्या बायकांत कुजबूज झाली. मी तिच्या कानाशी वाकले. "आक्का, रत्ना आता तितं न्हाई."

"ठाव हाय मला."

"मग?"

"तळं हाय न्हवं जाग्यावर?" आक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ती रोज बघत हुती त्ये."

माताजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली रीत म्हणून विचारलं, "दोघींचं?"

 आक्कानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माजं सांगून झालं," ती म्हणाली. "तिला इचारा."

कपाटावरची पिशवी, फडताळातली बरणी, पहिली गाडी, खिडकीची डावी बाजू, आंबोलीला आक्काचे गुडघे सरळ करून घ्यायला लागतील ते, असं सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि डोळे भरून आले. माताजी थांबल्या होत्या.

"दोगींचं," मी म्हणाले, आणि हात जोडले.